चावीवाला

बत्तीस वर्षं महापालिकेच्या पाण्याच्या चाव्या सोडल्या,
त्याच हातांनी रात्री बेसच्या चार चाव्या पिळल्या.
दोन्हीकडं नियम एकच :
अर्धा आटा जास्त झाला की
कुणाच्या तरी घरात बोंब.

गिटार कपाटावर झोपते, चादरीत.
चादर आपल्याच गावची, मोराची,
एक मोर उसवलेला.
पुण्यात कव्हर मिळतं म्हणे दीड हजाराला.
मिळू दे.

उजगरे सरांकडून हप्त्यानं घेतली होती, बारा हप्ते.
अकरा दिले आणि सर गेले.
पैसे घेऊन गेलो तर त्यांची लेक म्हणाली,
पैसे नकोत काका, नाताळला चर्चमध्ये वाजवा.
तेवीस नाताळ झाले.
बारावा हप्ता अजून फिटतोय.

स्पीकरचा कागद फाटला तेव्हा
मल्लेशमनं सुताची खळ आणून चिकटवला.
तेव्हापासून खालचा सूर जरा
ओल्या कापडातून आल्यासारखा येतो.
मला आवडतो.

तारा बदलत नाही, उकळतो.
खायचा सोडा, वीस मिनिटं, मंद आच.
ते पातेलं अनसूयानं वेगळं काढलंय,
त्यात आता वरण शिजत नाही,
आणि पाहुण्यांना कारण सांगायची तिला लाज वाटते.

पाणी पाचव्या दिवशी येतं. त्या दिवशी रियाज नाही.
बाकीचे चार दिवस सकाळी साडेनऊला,
भिंतीपलीकडं मल्लेशमचा माग सुरू झाला की मी सुरू.
खटाक्‌-खट, खटाक्‌-खट,
माझं बोट बरोबर धोट्याच्या मागं.
अकराच्या सुमाराला व्होल्टेज उतरायचं,
माग रेंगाळायचा,
मीही रेंगाळायचो.
नातवानं फोनमध्ये ठोके घालून दिलेत,
त्यांचं व्होल्टेज कधी उतरत नाही.
असल्या ठोक्यांशी माणसानं काय बोलावं?

गड्ड्यात वाजवलं, आकाशपाळण्याच्या भोंग्याशी भांडत.
होटगी रोडच्या लग्नांत वाजवलं,
अक्कलकोटला एकदा रात्री दोनला,
समोर फक्त मांडववाले, तेही झोपलेले.
पत्रिकेवर गायक, गायिका, निवेदक,
आणि खाली बारीक अक्षरात, ‘आणि सहकलाकार’.
त्यातल्या ‘आणि’त मी.
मग जब्बारनं नवा कीबोर्डवाला आणला,
पोरगं डाव्या हातानं बेस वाजवायचं, उजव्यानं बाकी सगळं.
जब्बार म्हणाला, म्हेत्रे, गाडीत जागा कमी पडायलीय बे.
खरंच पडत होती. स्पीकर माझाच मोठा होता.

मागच्या महिन्यात मल्लेशमनं माग विकला.
भंगारवाल्यानं किलोवर नेला,
काटा दोनदा लावला,
दोन्ही वेळा मल्लेशम दुसरीकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला चादर सोडली,
मांडीवर घेऊन बसलो.
भिंत गप्प.
दहा वाजले. सव्वादहा.
तारेवर बोट ठेवलेलं, तसंच.

मग मल्लेशम आला. चप्पल दारात काढली,
खाटेवर बसला, चहा नको म्हणाला.
बराच वेळ पंख्याकडं बघत राहिला.
मग उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर आपटायला लागला,
त्याला कळतही नसावं.
खटाक्‌-खट.
वाजव की बे, म्हणाला.

वाजवलं.
अकराच्या सुमाराला त्याची बोटं रेंगाळली.
मीही.

तेवढ्यात खालून हाळी आली : पाणी सुटलंऽऽ!
एक दिवस आधीच.
हल्ली चावी कोण सोडतो कुणास ठाऊक,
वेळेचं भान म्हणून नाही.
गिटार खाटेवर उताणी टाकली
आणि दोघंही घागरी घेऊन जिन्यानं पळालो.